लायब्ररीतले मामा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी इस्पितळात डॉक्टरांना सर म्हणतात, नर्सला सिस्टर म्हणतात आणि ज्यांच्या जिवावर सगळं चालतं त्यांना मामा आणि मावशी म्हणतात. वॉर्डात मामा असतात, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मामा असतात, शवागारातही मामाच असतात. इस्पितळाला मेडिकल कॉलेज जोडलेलं असेल तर आणखी एक मामा वाढतात. ते लायब्ररीच्या दाराजवळ स्टुलावर बसलेले असतात. सरकारी कागदावर त्यांचं पद ‘ग्रंथालय परिचर’ असं असतं. ग्रंथपाल वेगळे. ग्रंथपाल केबिनमध्ये बसतात आणि त्यांच्याकडे कॅटलॉग असतो. मामांकडे माहिती असते.

असे एक मामा आमच्या वरसाव्यात राहतात. त्यांचं कॉलेज कोणतं ते सांगत नाही, कारण मामा अजून नोकरीत आहेत. सकाळी ते ठाण्याच्या बाजूला जातात की मुंबईच्या, तेही सांगत नाही, कारण दिशा कळली की हुशार माणूस कॉलेज काढेल. वरसावे म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकमेकांच्या अंगावर येतात ती जागा. बाहेरचे लोक तिला फाउंटनचा नाका म्हणून ओळखतात, आणि जरा जास्तच ओळखतात, कारण इथे थांबल्याशिवाय सहसा कुणाला पुढे जाता आलेलं नाही. एका अंगाला वसईची खाडी, एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. ठाण्याला जावं तर गायमुखचा घाट आडवा येतो आणि मुंबईला जावं तर दहिसरचा टोलनाका. मामा अंधार असतानाच घर सोडतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात. आपलं गाव उजेडात कसं दिसतं ते त्यांना रविवारी कळतं.

या कोंडीचं निदान त्यांनी कधीच करून ठेवलं आहे. खाडीवरचा नवा चौपदरी पूल २०२३ साली सुरू झाला तेव्हा गावात आता सुटलो म्हणून लोक पेढे वाटायला निघाले. मामा म्हणाले, “बायपास झाली हे चांगलं झालं. पण ब्लॉक घोडबंदरच्या अंगाला आहे, आणि तिकडे अँजिओग्राफी केलीच नाही कुणी.” महिनाभरात लोक पुन्हा गायमुखला अडकले आणि मामांची डॉक्टरकी गावात आणखी पक्की झाली. कॉलेजात मामा, गावात दादूस. आणि आजारी माणसाच्या घरात, हळू आवाजात, ‘आपले डॉक्टर’.

मामांचं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी वाचता येतं. कळण्याची गरज पडलेली नाही. पुस्तक ते रंगावरून, वजनावरून आणि कुठलं पान सुटलं आहे त्यावरून ओळखतात. पण त्यांची खरी विद्या वेगळीच आहे. एकदा त्यांनी मला एक पॅथॉलॉजीचं जाडजूड पुस्तक मिटून, आडवं धरून दाखवलं. पानांच्या कडेवर मधेमधे काळपट पट्टे होते आणि बाकीची कड नव्या कोऱ्या वहीसारखी पांढरी. “हा काळा पट्टा बघा. हे परीक्षेला येतं. हा भुरकट, हे तोंडीला विचारतात. आणि हे पांढरंफेक आहे ना, हे शिकवतात.” पोरांच्या घामट बोटांनी वर्षानुवर्षं लिहिलेली ती प्रश्नपत्रिका मामा लांबून वाचू शकतात. परीक्षेच्या आधी काही चतुर मुलं पुस्तक मागायला येत नाहीत. नुसती कड बघून जातात.

लेखकांशी मामांचा घरोबा आहे. हेन्री ग्रे त्यांच्या लेखी ‘बिचारा’. त्याने शरीररचनेचं पुस्तक १८५८ साली काढलं आणि १८६१ साली, चौतिसाव्या वर्षी, देवीच्या रोगाने गेला. “माणूस गेला, पण पुस्तक अजून ड्यूटीवर आहे. निवृत्ती नाही की पेन्शन नाही.” सर्जरीचं ‘बेली अँड लव्ह’ हे नवराबायकोने मिळून लिहिलं आहे अशी मामांची बरीच वर्षं समजूत होती. संसार सांभाळून एवढं जाड पुस्तक काढलं याचं त्यांना कौतुक होतं. हॅमिल्टन बेली आणि मॅक्नील लव्ह हे दोघे पुरुष सर्जन आणि पुस्तक १९३२ सालचं, हे एका रेसिडेंटने सांगितलं तेव्हा मामांचा जरा विरसच झाला. त्यांचं दैवत मात्र गायटन. आर्थर गायटनला सर्जन व्हायचं होतं. पोलिओने ते राहिलं, म्हणून तो शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागला आणि १९५६ साली त्याने जे पुस्तक लिहिलं त्यावर जगभरचे डॉक्टर वाढले. मामांना यातलं काहीही विशेष वाटत नाही. त्यांना एकच गोष्ट विशेष वाटते, ती म्हणजे गायटनला दहा मुलं झाली आणि दहाही डॉक्टर झाली. “दहाच्या दहा! आमच्या अख्ख्या आळीत एकाची नीट निघेना.”

कॉलेजचं वर्ष सुरू झालं की पहिल्या वर्षाची मुलं लायब्ररीत येतात. ॲप्रनला कडक इस्त्री, खिशात चार पेनं आणि चेहऱ्यावर आपण मानवजातीला वाचवायला निघाल्याचा भाव. “मामा, ग्रेज ॲनाटॉमी मिळेल?” मामा नाही म्हणत नाहीत. दोन्ही हातांनी ग्रे उचलून काउंटरवर ठेवतात, रजिस्टरात नोंद करतात, आणि मूल दाराबाहेर पडलं की रॅकवरून बी. डी. चौरसियाचा पहिला भाग काढून काउंटरखाली ठेवून देतात. तीन-चार दिवसांनी तेच मूल खांदा चोळत परत येतं. ग्रे काउंटरवर ठेवतं, इकडेतिकडे बघतं आणि आवाज खाली आणतं. त्याने तोंड उघडायच्या आत चौरसिया वर आलेला असतो. मामा एक अक्षर बोलत नाहीत. पोराची अब्रू राखणं हाही त्यांच्या नोकरीचा भाग आहे. माणूस मागतो एक आणि त्याला लागतं दुसरंच, हे ओळखण्यासाठी ग्रंथपाल होताना पदवी घ्यावी लागते म्हणतात. मामांना ते स्टुलावर बसून जमलं आहे.

बुक बँक हा मामांचा लाडका प्रांत. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना महागडी पुस्तकं वर्षभर घरी नेता यावीत म्हणून सरकारची ही योजना आहे, आणि मेडिकलला दोन विद्यार्थ्यांत पुस्तकांचा एक संच मिळतो. सरकारने संच दिला. तो कुणाकुणात द्यायचा ते मामांवर सोडलं. मामा पोरांना आधी सात-आठ दिवस नुसते न्याहाळतात. मग जोड्या लावतात. पहाटे उठणारा आणि रात्री जागणारा. पेन्सिलीने रेघ मारणारा आणि खोडरबर बाळगणारा. हॉस्टेलवर राहणारा आणि कर्जतहून लोकलने येणारा, म्हणजे हलकी पुस्तकं गाडीत जातील आणि जड खोलीवर राहतील. एकदा त्यांनी एक मुलगा आणि एक मुलगी यांच्यात संच दिला. ती दोघं पुढे पास झाली, इंटर्न झाली आणि लग्नाची पत्रिका घेऊन लायब्ररीत आली. मामांनी पत्रिका वाचली, आशीर्वाद दिला आणि विचारलं, “आणि संच? तो एकच राहिला ना? मग जमा करा.”

लायब्ररीत सगळ्यांत जास्त गर्दी असते ती रीडिंग रूमला. इथे इंटर्न आणि पास होऊन बसलेले डॉक्टर नीट-पीजीचा अभ्यास करतात. चारी भिंतींना पुस्तकांची कपाटं आणि मधे माणसंच माणसं, पण एकाचाही हात पुस्तकाला लागत नाही. प्रत्येकासमोर टॅबलेट, कानात बोळे, आणि पडद्यावर कुणी नामवंत सर दीडपट वेगाने किडनी शिकवत असतात. खुर्चीला घरून आणलेली उशी, टेबलाखाली स्लिपर, कोपऱ्यात सहा तोंडांचा एक्स्टेन्शन बोर्ड. ग्रंथपालांना हे बघून वाईट वाटतं. मामांना नाही. “घरी दोन खोल्यांत सात माणसं. वाचायचं कुठे? इथे पंखा आहे, प्लग आहे आणि आई मधेच शेवग्याच्या शेंगा आणायला पाठवत नाही. पुस्तकाला नाही लावला हात, नको लावू दे.”

मात्र जागा अडवण्याच्या बाबतीत मामा कडक आहेत. ॲप्रन खुर्चीवर टाकायचा, स्टेथोस्कोप टेबलावर ठेवायचा आणि तीन तास कॅन्टीनला जायचं, ही जुनी युक्ती. मामा फेरी मारतात. संशयित खुर्चीपाशी थांबतात. तळहाताची मागची बाजू बैठकीला लावतात, क्षणभर वाट बघतात आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर करतात, “गार आहे. गेला.” मग ॲप्रनची घडी घालून तो काउंटरला जमा होतो आणि दारात ताटकळणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला बेड मिळतो. या पद्धतीविरुद्ध आजवर कुणाचं अपील टिकलेलं नाही.

संध्याकाळनंतर रेसिडेंट येतात. हे लोक पुस्तक मागत नाहीत, दया मागतात. एमडी-एमएसला प्रबंध लिहावा लागतो. विषय गाइड देतात, पेशंट इस्पितळ देतं, आणि बाकीचं मामांना द्यावं लागतं. लायब्ररीच्या मागच्या खोलीत जुने प्रबंध आहेत; काळ्या-मरून बांधणीवर सोनेरी अक्षरं. ते बाहेर न्यायला बंदी आहे. रेसिडेंट दबकत विचारतो, “मामा, शुगर आणि मोतीबिंदू असं काही आधी कुणी केलंय का?” मामा डोळे मिटतात. “तिसऱ्या रॅकवर वरून दुसरा कप्पा. चार आहेत. त्यातला जाड घेऊ नको, त्यात तक्तेच तक्ते आहेत. बारीक घे. ती मॅडम आता नाशिकला असते, तिने मनापासून केलं होतं.” मनापासून केलेला प्रबंध मामा कसा ओळखतात, हे मी विचारलं. “त्यात खाडाखोड असते. शेवटच्या दिवशी शाईने सुधारलेलं असतं. बाकीच्यांना आपली चूक दिसतच नाही.”

संदर्भसूची हा प्रबंधाचा सगळ्यांत रडवणारा भाग. वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांनी १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला बसून नियम ठरवले, त्यातून पुढे व्हँकुव्हर पद्धत आली: लेखकाचं आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मग नाव, साल, खंड, पानं, आणि प्रत्येकामधे नेमकं कोणतं विरामचिन्ह. आता हे काम झोटेरो किंवा मेंडेलीसारखं सॉफ्टवेअर करतं. तरी दरवर्षी कुणीतरी रात्रभर हाताने अर्धविराम घालत बसलेलं असतं. मामा त्याला चहा आणून देतात आणि समोरच्या टेबलावरच्या मुलीकडे बोट दाखवतात. “तिला विचार. ती बटण दाबते आणि सगळे स्वल्पविराम आपापल्या जागी जाऊन बसतात.” संगणक न शिकता मामा संगणकाचं खातं सांभाळतात ते असं.

त्यांना संगणकाआधीच्या रात्रींचीही आठवण आहे. मामा नोकरीला लागले तेव्हा शोध म्हणजे ‘इंडेक्स मेडिकस’. अमेरिकन लष्करातले शल्यविशारद जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेली ही सूची: जगात कुठल्या रोगावर कुणी कुठे काय लिहिलं त्याची बारीक टायपातली यादी. रेसिडेंट ती चाळून चिठ्ठ्या करायचा, मामा चिठ्ठ्या घेऊन बांधीव खंडांच्या खोलीत जायचे आणि छातीशी सात-आठ खंड धरून परत यायचे. मग झेरॉक्स. मग निम्मे लेख बिनकामाचे निघायचे. मग पुन्हा चिठ्ठ्या. १९९७ साली पबमेड ही इंटरनेटवरची सूची सगळ्यांना फुकट खुली झाली आणि २००४ च्या अखेरीस इंडेक्स मेडिकस कागदावर छापणं बंद झालं. “माझ्या गुडघ्यांवर अमेरिकेने उपकार केले,” असं मामा म्हणतात. पण ते खंड त्यांनी रद्दीत जाऊ दिले नाहीत. आजही लायब्ररीत एखादा मॉनिटर उंच करायचा असो, डुगडुगणारं टेबल सरळ करायचं असो किंवा दमलेल्या रेसिडेंटला डोक्याखाली काही हवं असो, इंडेक्स मेडिकस धावून येतो.

आता शिक्षक. विद्यार्थी लायब्ररीत येतात. शिक्षकांकडे लायब्ररी जाते. प्रत्येक विभागाचं स्वतःचं छोटं ग्रंथालय असतं. म्हणजे विभागप्रमुखांच्या खोलीत काचेचं कपाट असतं आणि त्यात पुस्तकं असतात. कपाटाला कुलूप असतं. चावी प्रमुखांकडे असते आणि प्रमुख परिषदेला गेलेले असतात. पण काच स्वच्छ असते आणि काचेतून पुस्तकाच्या कण्यावरचं नाव वाचता येतं, त्यामुळे अगदीच काही वाचायला मिळत नाही असं म्हणता येणार नाही. काही सरांच्या नावावर मुख्य लायब्ररीतली पुस्तकंही वर्षानुवर्षं असतात. मामा तगाद्याची चिठ्ठी पाठवत नाहीत. सरांची बदली झाली की ‘ना हरकत’ दाखल्यावर लायब्ररीचा शिक्का लागतो, आणि तो शिक्का मामांच्या ड्रॉवरमध्ये असतो. “कर्करोगाला लवकर निदान लागतं, पुस्तकाला बदली,” हा त्यांचा अनुभव. एका सरांनी शेवटच्या दिवशी गाडीच्या डिकीतून एकोणीस पुस्तकं उतरवून दिली. त्यातली दोन लायब्ररीची नव्हती. मामांनी तीही घेतली.

शिक्षक स्वतःच्या पायांनी लायब्ररीत आले की मामा ओळखतात, बढती जवळ आली. बढतीसाठी शोधनिबंध लागतात, आणि तेही मेडलाइन, स्कोपस अशा मान्य सूचींत असलेल्या नियतकालिकांतच. याचा वास लागलेली दुकानं जगभर उघडली आहेत. त्यांचे ईमेल येतात: आपल्या थोर कार्याने आम्ही भारावलो आहोत, आठ दिवसांत निबंध छापू, शुल्क अमुक डॉलर. एक सर असंच एक पत्र घेऊन छापायला आले. मामांनी प्रिंटरमधून कागद काढून एकवार नजर टाकली आणि म्हणाले, “सर, यांनी तुम्हाला ‘डियर मॅडम’ लिहिलंय.” सरांनी कागद घेतला, चार तुकडे केले आणि ग्रंथपालांच्या केबिनमध्ये जाऊन सूचीत नाव आहे की नाही ते कसं बघायचं याची चौकशी केली. त्या कॉलेजातलं संशोधन त्या दिवशी थोडं सुधारलं, पण ते कुठल्या अहवालात आलेलं नाही.

या सगळ्यांत एक म्हातारे मेडिसिनचे सर आहेत. निवृत्त झाले आहेत, तरी आठवड्यातून एकदा येतात. नव्या अंकांच्या मांडणीपाशी उभे राहतात, खुर्ची दिली तरी बसत नाहीत. केईएमच्या जीएस मेडिकलमधली स्टाफ सोसायटी १९५५ पासून चालवते ते ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ त्यांचं आवडतं. त्याचे लेख इंटरनेटवर सगळ्यांना खुले आहेत हे त्यांना ठाऊक आहे, त्यांनीच ते दुसऱ्यांना सांगितलं आहे. एखाद्या विचित्र पेशंटची हकिगत सापडली की ते चष्मा कपाळावर ढकलतात, बोट ओळीवर ठेवतात, आणि जवळपास कुणी असेल त्याला विचारतात, “काय असेल सांगा?” जवळपास बहुधा मामाच असतात. मामा नेहमी एकच उत्तर देतात: “टीबी.” सर सांगतात, आपल्या देशात अर्ध्या वेळा तरी हे उत्तर धरून चालायला हरकत नाही. रेसिडेंट तोंड पाडतात, कारण त्यांनी बारा निदानं सांगितली तरी शाबासकी मिळत नाही.

२०२५ च्या १ जानेवारीपासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, आणि सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-शिक्षकांना ती वाचायला मोकळी. मामांनी आकडा ऐकला आणि हादरून रॅककडे बघितलं. “तेरा हजार? ठेवायची कुठे?” कागद येणार नाही असं कळल्यावर त्यांनी देवाचे आभार मानले. मग या सुविधेची माहिती देण्यासाठी सभागृहात कार्यक्रम ठेवला गेला. वक्ते आले, पडदा लागला, खुर्च्या मांडल्या गेल्या. विद्यार्थ्यांची परीक्षा होती, शिक्षकांची ओपीडी होती, रेसिडेंट झोपेत होते. ज्यांनी खुर्च्या मांडल्या ते मामा आणि समोसे आणणारा मुलगा, एवढाच श्रोतृवर्ग शेवटपर्यंत बसला. परिणाम असा झाला की कुठला दुवा कॉलेजच्या नेटवर्कवरच उघडतो, कशाला लॉगिन लागतं आणि पासवर्ड विसरलं तर कुणाच्या पाया पडायचं, हे कॉलेजात मामांइतकं कुणालाच ठाऊक नाही. आता प्राध्यापकही स्टुलापाशी येऊन उभे राहतात. पूर्वी ते मामांना पुस्तक काढायला सांगत. आता फोन पुढे करतात आणि मामा आपल्या जाड तर्जनीने योग्य जागी दाबतात.

तपासणीच्या दिवसांत मामांना नवा गणवेश मिळतो. तपासणीचे लोक लायब्ररीत येतात आणि मोजतात: चौरस मीटर किती, खुर्च्या किती, पुस्तकं किती, नियतकालिकं किती, संगणक किती. ग्रंथपाल फाइल उघडतात आणि उत्तरं देतात. प्रत्येक रकान्यात आकडा बसतो. मामा दाराशी उभे असतात. ते चौरस मीटरमध्ये येत नाहीत, खुर्चीत येत नाहीत, कारण त्यांचं स्टूल आहे, आणि संगणकातही येत नाहीत. एका वर्षी तपासणीला आलेल्या एका बाईंनी जाता जाता त्यांना विचारलं, “तुमच्याकडे वाचक रोज किती येतात?” मामांनी प्रामाणिकपणे विचारलं, “वाचक की बसणारे?” ग्रंथपालांनी घाईघाईने चहा मागवला.

गावाकडे मात्र मामांना रकाना आहे. रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत दोन-तीन जण रिपोर्ट घेऊन बसलेले असतात. सगळ्यांचा समज असा की तीस-बत्तीस वर्षं डॉक्टरांच्या पुस्तकांत काढली म्हणजे औषध माहीत असणारच. मामांनी आजवर एकाही माणसाला एका गोळीचं नाव सांगितलेलं नाही. त्यांची पद्धत निराळी. ‘हॅरिसन’ हे मेडिसिनचं पुस्तक १९५० साली पहिल्यांदा आलं. ते आता दोन भागांत येतं आणि दोन्ही भाग मिळून एखाद्या लहान मुलाच्या वजनाचं भरतं. रिपोर्टवर ताप, जंत, खोकला असं काही दिसलं की मामा म्हणतात, “हे पहिल्या भागात येतं. उद्या टेंब्याला दाखव.” टेंबा म्हणजे भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय. साखर, थायरॉईड असं दिसलं की मामांचा चेहरा बदलतो. “हे दुसऱ्या भागात. दुसरा भाग मी एका हाताने उचलत नाही. मोठ्या हॉस्पिटलला जा. मंगळवारी ओपीडी, सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत उभा राहा, आणि आधीचे कागद ने. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, फाइलमध्ये.”

शेजारचा एक तरणा पोर मोबाइलवर लक्षणं टाकून स्वतःला तीन वेळा कॅन्सर ठरवून बसला होता. तो मामांना म्हणाला, “दादूस, एवढी पुस्तकं तुझ्या हाताखाली, आणि तू काहीच सांगत नाय?” मामा म्हणाले, “एक पुस्तक असतं तर सांगितलं असतं. चाळीस हजार आहेत. ती लिहिणाऱ्यांचं एकमेकांशी पटत नाय, ते मी रोज बघतो. तू लायनीत उभा राहा.”

मागच्या लग्नसराईत गावात हळद होती. आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे मांडव, बेंजो आणि आवाज. मामा घरचे, म्हणून पुढच्या रांगेत नाचत होते. साडेदहाच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. एक रेसिडेंट होती, रडकुंडीला आलेली. सकाळी आठला सेमिनार, लायब्ररीचा सर्व्हर बंद, पुस्तक हवं होतं आणि रात्रपाळीच्या माणसाला ते सापडत नव्हतं. मामा एका कानात बोट घालून मांडवाच्या मागे, पाण्याच्या पिंपापाशी गेले. मी तिथेच ताट धुवत होतो, त्यामुळे एका बाजूचं संभाषण मला पूर्ण ऐकू आलं.

“रडू नको बाळा. चौदा नंबरचा रॅक. खालून दुसरा कप्पा. जाड निळं… सापडलं? हां. आता ऐक, त्यात मधली चार पानं नाहीत, मागच्या बॅचच्या कुणीतरी ब्लेडने कापलीत. तुला तीच लागणार, त्याची कडच काळी आहे… थांब, थांब. जुन्या आवृत्तीत आहेत ती. जुनी आवृत्ती रीडिंग रूमच्या खिडकीजवळच्या टेबलाखाली आहे, डाव्या पायाला लावलीय… काढ, काही होत नाही. टेबल डुगडुगेल. तिथे इंडेक्स मेडिकसचा एक्याण्णवचा खंड सरकव, तो बरोबर बसतो, मी मोजलंय.”

बेंजोने नवं गाणं धरलं. मामांनी फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज चढवला.

“आणि रजिस्टरात सही कर. मागच्या वेळची पण बाकी आहे!”